पाणीपेपर

“पाय तरी पुरत्यात का तिचं?”

हे माझ्या पाठीमागून आलं. मी पप्पांच्या जुन्या मोटरसायकलवर बसले होते. डाव्या पायाचा अंगठा जमिनीला जेमतेम लागत होता, उजवा पाय हवेत होता आणि दत्तू मिस्त्रींनी मागून कॅरिअर धरून ठेवला होता म्हणून मी पडत नव्हते. बोलणारे होते आप्पा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आमच्या घोडेगावात मिस्त्रींच्या गॅरेजबाहेर एक बाक आहे, त्यावर त्यांची रोजची सकाळ जाते. आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं असावं. पण आयुष्यभर एसटीच्या इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाचं हळू कितीसं हळू असणार.

“पाय न्हाई वाढवता येत आप्पा,” मिस्त्री म्हणाले, “पण गाडी खाली घेता येती.”

मी काही बोलले नाही. हसलेही नाही. माझं तेव्हा असंच होतं.

यंदा पुन्हा भात निसवलंय. शिनोली मागे पडली, डिंभे धरणाचं पाणी दिसून नाहीसं झालं आणि रस्ता चढायला लागला, की दोन्ही बाजूंच्या खाचरांतून कोवळ्या लोंब्या डोकं वर काढून असतात. त्यांना एक कच्च्या दुधासारखा वास असतो. बांधावर खुरासणी पिवळ्या फुलांवर आलेली. पाऊस गेला असं म्हणवत नाही आणि आहे असंही नाही. एखादी सर येते, कुणाचं तरी विसरलेलं सामान न्यायला आल्यासारखी, आणि लगेच ऊन पडतं. मी हेल्मेटची काच वर करते. या दिवसांत मला भाताच्या वासात नेमका ग्रीसचा आणि प्रायमरचा वास येतो. तो वास या रस्त्यावर कुठेच नाही. गेल्या वर्षीचा आहे.

तळेघरच्या अलीकडे एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, रक्त घ्यायचं. हे काम मला शोभतं. सुई दिसली की माणसं आपण होऊन गप्प होतात, त्यामुळे माझं गप्प असणं कुणाच्या लक्षात येत नाही. गेल्या वर्षी मी नवीन लागले तेव्हा एसटीने जायची. एसटी होती, पण ती तिच्या सोयीने होती. सकाळी उशिरा पोचवायची आणि परतीला नमुने अर्धे तपासून होईपर्यंत निघून जायची. मग फाट्यापर्यंत चालायचं, जीप मिळाली तर मिळाली. महिन्याभरात माझे बूट उसवले. आई म्हणाली, “सोड. जवळ काहीतरी बघू.” मला सोडायची नव्हती. पहिल्यांदाच एखाद्या जागी मला ‘तू बोलत का नाहीस’ असं कुणी विचारत नव्हतं.

पप्पांची गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी होती. पप्पांचे गुडघे गेल्यापासून ती कुणी काढली नव्हती. शंभर सीसीची, माझ्याहून वयाने मोठी. पप्पा पेंटर. चित्रांचे नाही, पाट्यांचे. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव. या पट्ट्यातली अर्धी जुनी किराणा दुकानं आणि दवाखाने पप्पांच्या अक्षरांत आहेत. गाडीच्या उजव्या बाजूला ते शिडी बांधायचे, मागे रंगाचे डबे. पुढे फ्लेक्स आले आणि शिडीचं काम कमी झालं. बोलताना ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ म्हणणारा हा माणूस लिहिताना कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकला नाही. फ्लेक्सवरचा ‘हार्दीक’ दिसला की त्यांना रस्त्यातच दुखायला लागतं.

नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती, तेव्हा जुनीच माझ्या मापाची करायची ठरली. मोठ्या बहिणीचा ड्रेस कमरेत घेऊन, बाह्या उसवून घालतात, तसं. मागचे शॉकअप काढून दुसऱ्या कुठल्या तरी मोडलेल्या गाडीचे आखूड शॉकअप बसले. सीटचा फोम मिस्त्रींनी पाव कापायच्या सुरीने कापला आणि वर आईने रेक्झिन शिवलं. आमच्या मशीनवर तीन सुया मोडल्या. हँडल थोडं माझ्याकडे झुकवलं. नमुन्यांची पेटी बसावी म्हणून कॅरिअरला एका वेल्डरने चौकट मारून दिली. एरवी तो खिडक्यांच्या जाळ्या करतो, म्हणून त्या चौकटीलाही एक नक्षी आहे. नको म्हणायला मला जमलं नाही. आता ती नक्षी मला आवडते.

मी शाळेत इंग्रजी माध्यमात शिकले. मोटरसायकलबद्दल जे काही मला माहीत होतं ते मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, तेही इंग्रजीतून. गॅरेजला मी सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून लवकर सुटले तर संध्याकाळी जायची, आणि मिस्त्री जे म्हणतील त्याला मान हलवायची. एके दिवशी ते गाडीखालून म्हणाले, “ताई, चिमटा वाकलाय हिचा. उद्या येताना चिमटा आणा, म्हंजी बसवून टाकतो.”

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून काढून मी त्यांच्या हातात चिमटा दिला. आईचा, भाकरी उलटायचा.

मिस्त्रींनी तो हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. एकदा उघडझाप केली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सभ्यता होती की मला पुढे काय येणार ते कळायला वेळ लागला. आप्पांनी पेपर खाली घेतला.

“चुलीवर ठिवायची का काय गाडी?”

“न्हाई आप्पा,” मिस्त्री म्हणाले, “ताईंची गाडी करपती एका बाजूनं. उलटावी लागल.”

मग ते दोघं हसले. खूप हसले. मिस्त्री हातातल्या चिमट्यानेच डोळ्यांवरची टोपी मागे सारत हसत होते. मला वाटलं, आता ते नेहमीचं होणार. कान तापणार, मी ‘येते’ म्हणून निघणार आणि परत या गॅरेजची पायरी चढणार नाही. पण तसं झालं नाही. मला आतून काहीतरी ढकलत वर आलं आणि ते हसू होतं. मी इतकी हसले की बाकावर बसावं लागलं. आप्पा सरकले आणि त्यांनी मला जागा दिली.

चिमटा म्हणजे मागचं चाक ज्या लोखंडी दुबेळक्यात धरलेलं असतं तो भाग. त्याला इंग्रजीत स्विंगआर्म म्हणतात, तो काय करतो, कशाने वाकतो, हे सगळं मला पाठ होतं. फक्त घोडेगावात त्याचं नाव काय ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी विचारायला लागले. “याला काय म्हणतात?” हे तीन शब्द मी त्या महिन्यात जितक्या वेळा बोलले, तितकं मी एरवी वर्षभरात बोलत नसेन. आईचा चिमटा मात्र परत आला नाही. मिस्त्रींना तो तेलात पडलेले नट काढायला बरा पडला.

आता टाकीचं सांगते. हा लेख त्यासाठीच आहे.

टाकी काळी होती. तिच्या डाव्या बाजूला पप्पांनी निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलं होतं, भोवती केसाएवढी पांढरी कड. उजवीकडे शिडी घासायची म्हणून डावीकडेच. ‘जय’ आणि ‘भीम’ यांच्यात बरोब्बर एका बोटाची जागा. मी लहान असताना टाकीवर पुढे बसायची, तेव्हा अक्षरांवर पाय पडू नये म्हणून पप्पा माझा डावा पाय उचलून आडवा ठेवायचे. बसायला ते जरा अवघड होतं. मला वाटायचं गाडीवर असंच बसतात.

चौथीत असताना शाळेत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागायची. एरवी मी रिक्षाने जायची. एका सोमवारी रिक्षा आली नाही, पप्पांनी मला गाडीवरून थेट शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. ती आणि तिची आई तिथेच उभ्या होत्या. मंगळवारी तिने चटणी मागितली नाही. बुधवारीही नाही. ती काहीच वाईट बोलली नाही, नंतरही कधी नाही. फक्त तिचा डबा माझ्या डब्यापासून एक वीत लांब सरकला आणि दहावीपर्यंत तिथेच राहिला. पुढे कधी पप्पांनी सोडलं तर मी त्यांना पिठाच्या गिरणीपाशीच थांबायला सांगायची. “इथून जवळ पडतं,” असं सांगायची. गिरणीपासून शाळा चांगली लांब होती. पप्पा सगळी वर्षं गिरणीपाशी थांबले.

पप्पांचे मित्र घरी येत, दारातूनच म्हणत, “जय भीम, बाळा.” मी “पाणी आणते” म्हणायची. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा आडनाव विचारल्यावर गावाचं नाव सांगायला शिकले. कुणी खोदून विचारलंच तर मी विषय लेण्याद्रीवर, शिवनेरीवर, बिबट्यावर न्यायची. बिबट्या फार उपयोगी पडायचा. जुन्नरकडचा बिबट्या आला की लोक माझं आडनाव विसरून जायचे.

तर गॅरेजमध्ये, मजुरी वाचावी म्हणून टाकी घासायचं काम मी घेतलं. मला ती राखाडी रंगाची करायची होती, व्हिडिओत बघितली होती तशी, चमक नसलेली. मिस्त्रींनी टाकी स्टुलावर ठेवली, बादलीभर पाणी दिलं आणि पाणीपेपर दिला. पाणीपेपर म्हणजे ओला करून घासायचा काळा पॉलिश पेपर. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला आले तशी मिस्त्री हातातलं काम ठेवून उठले.

“ह्ये बी घासायचं? पेंटरसायबांच्या हातचं हाय.” त्यांनी गॅरेजच्या पाटीकडे बोट केलं. “माझ्या पाटीला लई वरसं झाली. एक अक्षर हललं न्हाई.”

“रंग उडालाय,” मी म्हणाले. रंग कुठेच उडाला नव्हता.

“बगा. गाडी तुमची हाय.”

निळं पाणी टाकीवरून ओघळलं, स्टुलाच्या पायावरून खाली आलं आणि फरशीच्या उतारावरून गटाराकडे गेलं. पांढरी कड सगळ्यात शेवटी गेली. मला हलकं वाटलं. हे खोटं कशाला सांगू, खरंच वाटलं. आता ही नुसती एक गाडी होती आणि मी नुसती एक मुलगी, जिला कामावर जायचं होतं.

संध्याकाळी पप्पा गॅरेजला आले. मला न्यायला नव्हते आले, सहज आले, काठी टेकत. टाकी समोरच होती, घासून उघडी, मधे मधे पत्रा दिसत होता. पप्पांनी तिच्यावरून तळहात फिरवला. जिथे अक्षरं होती तिथे बोटं नेऊन थांबवली.

“पेपर चांगला मारलास,” ते म्हणाले. “एकसारखा. कड कुठं राहिली न्हाई.”

एवढंच. वाटेत ते भाताबद्दल बोलले. मला तो हलकेपणा घरापर्यंतही पुरला नाही.

त्यानंतरचे दिवस टाकी प्रायमर मारून गॅरेजमध्ये एका खुंटीला टांगलेली होती. राखाडी स्प्रेचा डबा मी आणून ठेवला होता, तो उघडला नाही. मिस्त्री विचारायचे, मी म्हणायची, “पुढच्या रविवारी.” गाडी बाकी सगळी तयार झाली होती. पाय पुरत होते. एक किक, फार तर दोन, आणि ती सुरू होत होती. टाकीच्या जागी मिस्त्रींनी तात्पुरती पेट्रोलची एक बाटली टांगून मला गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिकवलं, आप्पा बाकावरून ओरडत, “क्लच! क्लच सोड हळू, दार उघडल्यासारका!” सगळं जमत होतं. घरात मात्र मी आणि पप्पा एकमेकांना फार जपून हाक मारत होतो. मला एकच कळत नव्हतं: आपल्या हाताने पुसलेलं परत मागायचं कसं. पप्पा रागावले असते तर मी रडले असते आणि सगळं मिटलं असतं. त्यांनी माझ्या कामाची तारीफ केली होती.

तेव्हा मला लेण्याद्री आठवायचं. जुन्नरला पाट्यांचं काम असलं की पप्पा कधी कधी मला बरोबर न्यायचे, आणि दुपारी आम्ही पायऱ्या चढून जायचो. सगळी माणसं गणपतीच्या रांगेत. पप्पा बाजूच्या बौद्ध लेण्यांतल्या भिंतीवरच्या अक्षरांपुढे उभे राहायचे, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने. “ओळ बघ. कुठं चढली न्हाई, कुठं पडली न्हाई. छिन्नीनं मारलंय, चुकलं तर पुसायला जागा न्हाई.” मी विचारायची, काय लिहिलंय? ती लिपी त्यांनाही वाचता येत नव्हती, पण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. “नावं हायेत. ज्यांनी ह्ये करायला दान दिलं त्यांची. त्यातली कितीतरी साधी मान्सं, धंदेवाली.” मग हसून म्हणायचे, “पाटीच म्हणायची की.” मी तेव्हा फक्त सावलीत बसायला मिळालं म्हणून खूश असायची.

हे सगळं मी यंदा लिहू शकते, कारण मला आता बरं वाटतं. घाटात एखाद्या वळणावर मी थांबते, दोन्ही पाय पूर्ण टेकवते, इंजिन बंद करते. दोन्ही पाय टेकणं ही किती साधी गोष्ट आहे. खाचरात पाण्याचा बारीक आवाज असतो. पेटीतल्या नळ्या एकमेकींना लागून किणकिणत असतात, त्या थांबतात. वर्षभरापूर्वी इथून एसटीच्या खिडकीतून जाताना मी सतत कसली तरी तयारी करत असायची, कुणी काही विचारलं तर काय सांगायचं याची. ती तयारी आता करावी लागत नाही. तिला किती जागा लागत होती हे ती गेल्यावर कळलं. त्या जागेत आता भात दिसतं, खुरासणी दिसते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मिस्त्रींनी गॅरेज धुतलं. सगळे पाने ओळीने पोत्यावर मांडले, वर झेंडूची फुलं, आणि त्या ओळीत आईचा चिमटाही, हळद-कुंकू लावून. आप्पा नवा शर्ट घालून आले होते. आणखी दोन गिऱ्हाइकं हात जोडून उभी होती, आपापल्या गाडीला हार घालून मिळायची वाट बघत. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र दिन. त्यासाठी विहाराच्या कमानीवरची अक्षरं पुन्हा उठावदार करून पप्पा तिकडूनच गॅरेजला आले, कारण मिस्त्रींना एका ट्रॅक्टरची नंबर प्लेट रंगवून हवी होती. हातात त्यांची ती पत्र्याची पेटी, ब्रशांची.

नंबर प्लेट झाली. पप्पा ब्रश पुसत होते. मिस्त्रींनी खुंटीवरची टाकी काढली, स्टुलावर ठेवली आणि मोठ्यानेच म्हणाले, “पेंटरसायेब, आता हिचं बी उरका. सणाचं उघडं पोर बरं दिसत न्हाई.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी टाकी उजेडाकडे फिरवली. पेटीतून काळ्याची डबी काढली, पांढऱ्याची काढली. मग हात थांबला. त्यांनी लांब केसांचा बारीक ब्रश घेतला, पण तो कुठल्याच डबीत बुडवला नाही.

“काय टाकू?” ते म्हणाले. आणि मी काही बोलायच्या आत, घाईघाईने, गिरणीपाशी गाडी थांबवावी तसं, “वेल काढू एखादी? नायतर तुझं नाव टाकतो इंग्रजीत. वळणदार. बरं दिसल.”

आप्पांनी पेपर बाजूला ठेवलेला होता. हार घेऊन उभी असलेली माणसं बघत होती. मिस्त्री उदबत्ती हातात धरून तसेच उभे होते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत मी थांबले. माझे कान तापले होते, सगळं नेहमीसारखंच होत होतं. पेटीत निळी डबी कोपऱ्यात होती. ती मी उचलली, झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडलं आणि त्यांच्या हातापाशी ठेवली.

“जय भीम लिहा, पप्पा,” मी म्हणाले. “आता शिडी नाही. दोन्ही बाजूंना लिहा.”